रायफलीचा नेम कुठे चुकतो?

नॉर्वेत एल्क किंवा रेनडिअरच्या शिकारीला निघणाऱ्याला दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. 100 मीटरवर प्राण्याची आकृती, तिच्या छातीवर 30 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आणि पाच गोळ्या. पाचही आत पडायला हव्यात. परीक्षेआधी 30 गोळ्यांचा सराव बंधनकारक. शिवाय एल्कच्या शिकारीत जखमी जनावर शोधून काढणारा प्रशिक्षित कुत्रा शिकाऱ्याच्या हाताशी असणंही सक्तीचं. या नियमांमागची काळजी उघड आहे. हृदय आणि फुप्फुसांच्या भागात गोळी लागली तर जनावर काही क्षणांत मरतं. तीच गोळी वीतभर मागे, पोटात लागली, तर ते तासन्‌तास झाडीत तडफडत फिरतं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद संपला आणि ते योग्यच झालं. पण जिथे एल्क किंवा हरणांची संख्या ठरवून मर्यादेत ठेवली जाते, त्या देशांत शिकारी रायफलीचा अचूकपणा हा आधी त्या जनावराच्या यातनांचा प्रश्न असतो. म्हणूनच ‘रायफल पूर्वी बरोबर मारत होती, आता गोळ्या पसरतात’ ही तक्रार तिथे गांभीर्याने घेतली जाते. या तक्रारीचा शोध कसा घ्यायचा याचं एक शास्त्र गेल्या शंभराहून अधिक वर्षांत तयार झालं आहे. शिकारीशी काही देणंघेणं नसलेल्यालाही ते वाचायला आवडेल, कारण बिघाड शोधण्याची ती एक उत्तम पद्धत आहे.

या शास्त्राचा एक जनक म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले फ्रँकलिन मान. शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने प्रयोगवेडे. गोळी ठरल्या जागी का लागत नाही, या एकाच प्रश्नावर त्यांनी कित्येक दशकं घालवली आणि 1909 मध्ये ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाचा हात, खांदा आणि डोळा हिशेबातून काढून टाकण्यासाठी त्यांनी जमिनीत काँक्रीटचा भक्कम खांब उभारला आणि त्यावर नळी बसवून गोळ्या झाडल्या. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, आणि कागदावर काय फरक पडतो ते बघायचं, ही त्यांची शिस्त. गोळीचा तोल किंचित ढळलेला असेल किंवा तिचा मागचा काठ दुखावलेला असेल, तर ती नळीतून सुटताच वाट सोडते, हे त्यांनी अशा प्रयोगांतून दाखवून दिलं.

मानांची ही शिस्त आज रायफल हातात घेणारे फार थोडे पाळतात. नेम बिघडला की लोक एकाच दिवशी स्कोपचे, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचे, स्क्रू आवळतात, नळी घासतात आणि काडतुसांचा ब्रँडही बदलतात. दुसऱ्या दिवशी गोळ्या जवळजवळ पडल्या तर आनंद होतो, पण दुरुस्ती कशाने झाली ते कोणालाच सांगता येत नाही. महिन्याभराने तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

त्याहून मोठा घोटाळा मोजण्यातच होतो. ग्रूप म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून झाडलेल्या गोळ्यांची छिद्रं. त्यांतल्या सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे त्या ग्रूपचं माप. शिकारी मंडळी सहसा तीन गोळ्यांचा ग्रूप धरतात. काडतुसं महाग असतात आणि जंगलात तिसऱ्या गोळीची वेळ क्वचितच येते, त्यामुळे ही सवय समजण्यासारखी आहे. पण तीन गोळ्या फार कमी सांगतात. समजा एखादी रायफल 100 मीटरवर तीन गोळ्यांचे सरासरी 25 मिलिमीटरचे ग्रूप देते. त्याच रायफलीचे पाच गोळ्यांचे ग्रूप सरासरी 32 मिलिमीटरचे येतील आणि दहा गोळ्यांचे 40 च्या आसपास. रायफलीत काहीही बदललेलं नसतं; गोळ्या जास्त झाडल्या की विखुरण्याचा खरा आवाका दिसू लागतो, इतकंच. तीन गोळ्यांचेच ग्रूप लागोपाठ काढले, तर एक 15 मिलिमीटरचा आणि पुढचा 40 चा येणं अगदी नैसर्गिक आहे. अशा वेळी 15 चा ग्रूप पाकिटात जपून ठेवणारा आणि 40 चा बघून रायफल दुरुस्तीला नेणारा, दोघेही एकाच चुकीत सापडलेले असतात.

झीरो करण्यातही हाच सापळा आहे. नेम धरलेला बिंदू आणि गोळ्यांचा मध्य जुळवण्यासाठी स्कोपच्या बुरुजावर खटके फिरवतात. बहुतेक शिकारी स्कोपमध्ये एका खटक्याने 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटरचा फरक पडतो. आता वरच्याच रायफलीच्या तीन गोळ्यांचा मध्य तिच्या खऱ्या मध्यापासून सरासरी साडेसात मिलिमीटर हुकलेला असतो. म्हणजे तीन गोळ्या झाडून एक खटका डावीकडे, पुन्हा तीन झाडून एक उजवीकडे करणारा माणूस निव्वळ योगायोगाचा पाठलाग करतो. दहा गोळ्या झाडाव्यात, नळी मधूनमधून थंड होऊ द्यावी आणि मग एकदाच खटके फिरवावेत. माझं स्पष्ट मत आहे की रायफली बिघडल्याच्या कित्येक तक्रारी इथेच विरून जातील.

ज्या विरत नाहीत, त्यांचा शोध स्क्रूंपासून सुरू करावा. त्याआधी अर्थातच मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. स्क्रू दोन ठिकाणी असतात: स्कोपचा पाया आणि कडी धरणारे, आणि रायफलीची लोखंडी यंत्रणा कुंद्यात, म्हणजे दस्त्यात, बसवणारे. प्रत्येक गोळीगणिक रायफल मागे उसळते आणि हे स्क्रू त्या धक्क्याला तोंड देतात. ते ढिले झाले तर नेम जातो. फाजील आवळले तर स्कोपची नळी चेपते किंवा लाकूड दबतं. म्हणून अंदाजाने पिळण्यापेक्षा टॉर्क रेंच वापरून निर्मात्याने दिलेल्या आकड्यालाच आवळावं. लाकडी कुंद्याला हा आकडा साधारण 4 ते 5 न्यूटन-मीटर असतो, आत ॲल्युमिनियमचा ठोकळा असलेल्या कुंद्याला 7 च्या आसपास, तर स्कोपच्या कड्यांच्या बारीक स्क्रूंना जेमतेम 2. काम पाच मिनिटांचं असतं आणि बऱ्याचदा शोध इथेच संपतो.

नाही संपला, तर स्कोप. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या स्कोपच्या आत भिंगांची एक छोटी नळी स्प्रिंगवर तोललेली असते. ती स्प्रिंग थकली की प्रत्येक धक्क्याला क्रॉसहेअर थोडी सरकते, आणि डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कागदावर मात्र एक खूण दिसते: गोळ्या एका जागी न पसरता दोन वेगळ्या पुंजक्यांत पडतात. दुसरी चाचणी चौकोनाची. एका बिंदूवर नेम धरून गोळी झाडायची, मग 20 खटके वर, 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे, आणि प्रत्येक वळणावर पुन्हा त्याच बिंदूवर नेम. छिद्रांचा चौकोन व्हायला हवा आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी यायला हवी. खात्रीचा उपाय मात्र सर्वांत साधा आहे. ज्या स्कोपबद्दल शंका नाही असा, दुसऱ्या रायफलीवर सिद्ध झालेला स्कोप आणून बसवायचा. ग्रूप सुधारला तर गुन्हेगार सापडला.

खरी गुंतागुंत लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे आहे, आणि या विषयाचा मला सर्वांत प्रिय भागही तोच आहे. गोळी नळीत पुढे जाते तेव्हा रायफल मागे रेटली जाते आणि नळी थरथरते. ही थरथर वाईट नाही. ती दर वेळी सारखी असेल, तर गोळी दर वेळी नळीच्या तोंडाच्या त्याच हालचालीवर सुटते आणि त्याच जागी लागते. बिघाड होतो तो थरथर बदलल्याने. यंत्रणेच्या पोटाशी एक जाड लोखंडी दात असतो, त्याला रिकॉइल लग म्हणतात. मागचा धक्का तोच कुंद्याला पोचवतो. त्याच्या मागचं लाकूड दबलं किंवा झिजलं की प्रत्येक गोळीनंतर यंत्रणा कुंद्यात किंचित वेगळ्या जागी येऊन बसते. लाकूड हवेतली ओल शोषून फुगतं, कोरड्यात आकसतं, आणि हे फुगणं लाकडाच्या रेषांच्या लांबीत नगण्य असलं तरी रेषांच्या आडव्या दिशेला चांगलंच असतं. उन्हाळ्यात झीरो केलेली रायफल शरद ऋतूच्या पावसात दुसरीकडे मारते, त्याचं मोठं कारण हे.

ही अडचण सैन्यांनीही भोगली आहे. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात ली-एनफिल्ड रायफली बनत, तेव्हा कुंद्याचं लाकूड धक्क्याने चिरू नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू घातला जाई. जुन्या रायफलींचे जगभरातले संग्राहक त्याला आजही ‘इशापूर स्क्रू’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्याला अक्रोडाऐवजी तिथलं मऊ कोचवुड वापरावं लागलं. त्यांनी धक्का बसणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. आजचा उपाय म्हणजे बेडिंग: कुंद्याच्या पोकळीत इपॉक्सी भरून, यंत्रणेवर ते चिकटू नये असा लेप लावून, ती त्यात दाबून बसवतात. इपॉक्सी कडक झालं की यंत्रणेच्या पोटाचा हुबेहूब साचा तयार होतो आणि तिला हलायला जागा उरत नाही. स्क्रूंभोवती धातूच्या नळकांड्या घातल्या की लाकूड दबण्याचाही प्रश्न मिटतो.

बेडिंग बिघडलं आहे का, हे घरीच कळतं. रायफल कुंद्याच्या टाचेवर उभी धरायची, एक बोट नळी आणि कुंद्याच्या टोकाच्या सांध्यावर ठेवायचं आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. बोटाखाली नळी उडी मारल्यासारखी सरकली, तर यंत्रणा कुंद्यात ताणाखाली वाकून बसली होती. दुसरी चाचणी कागदाची. नळी आणि कुंदा यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून चेंबरच्या दिशेने सरकवत न्यायची. ती मध्येच अडली तर तिथे लाकूड नळीला टेकतं आहे. मात्र इथे घाई नको. काही कारखाने कुंद्याच्या टोकाशी मुद्दाम उंचवटा ठेवून नळीला खालून ठराविक दाब देत. रेमिंग्टन 700 च्या अनेक लाकडी कुंद्यांत तो असे. पातळ नळीच्या काही रायफली त्या दाबामुळेच चांगल्या चालतात. तो उंचवटा तासून टाकण्याआधी टोकाशी कार्डाचा तुकडा घालून किंवा काढून, दोन्ही प्रकारे दहा-दहा गोळ्या झाडून बघाव्यात. तासलेलं लाकूड परत येत नाही.

नळी तापल्यावर गोळ्या एकाच दिशेने, समजा वर आणि उजवीकडे, रांगेने सरकत गेल्या, तरी संशय आधी या स्पर्शावरच घ्यावा. नळीच्या धातूत राहून गेलेला ताणही असं करतो. पण शिकाऱ्याच्या दृष्टीने हा दोष किती गंभीर? जंगलात गोळी झाडायची ती थंड नळीतून, बहुधा एकच. पहिल्या दोन गोळ्या योग्य जागी जात असतील आणि पाचवी भरकटत असेल, तर ती शिकारी रायफल निर्दोष समजावी. तिला निशाणबाजीच्या जाड नळीच्या मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

नळीच्या तोंडाचा काठ, म्हणजे क्राउन, फार लहान आणि फार महत्त्वाचा. गोळीचा मागचा काठ नळीतून सुटतो त्या क्षणी मागून प्रचंड दाबाचा वायू बाहेर उसळतो. काठ सगळीकडे सारखा असेल तर वायू सर्व बाजूंनी एकदम सुटतो. एका बाजूला खाच असेल तर तिथून तो क्षणभर आधी निसटतो आणि गोळीला एका अंगाने ढकलतो. मानांना गोळीच्या दुखावलेल्या काठात जे दिसलं, तेच इथे नळीच्या बाजूने घडतं. कापसाचा बोळा आतून बाहेर ओढत काठावर फिरवला की जिथे तंतू अडकतात तिथे खरचट आहे हे कळतं. साफसफाईची सळई तोंडाकडून घालणाऱ्यांच्या रायफलींत ही जखम हमखास सापडते. काठ पुन्हा कातून घेणं हे लेथ असलेल्या चांगल्या कारागिराचं काम आहे आणि ते महाग नाही.

आतल्या मळाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही जण प्रत्येक फेरीनंतर नळी आरशासारखी करतात, काही जण वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. गोळीचं तांब्याचं आवरण नळीत पातळ थर सोडत जातं, तो फार साठला की ग्रूप फुगतो. अमोनियायुक्त द्रावणात भिजवलेली चिंधी निळी-हिरवी होऊन बाहेर आली तर तांबं आहे. पण अगदी स्वच्छ, तेलकट नळीतली पहिली गोळीही पुष्कळदा वेगळीकडे जाते. म्हणून साफ केलेली रायफल थेट जंगलात नेऊ नये. रेंजवर एक-दोन गोळ्या झाडून मगच न्यावी.

काडतुसाचं प्रकरण मात्र सगळ्यांना आधी सुचतं. गोळ्यांच्या वेगातल्या फरकाची लोकांना फार धास्ती असते. सेकंदाला 820 मीटर वेगाच्या गोळीत 15 मीटरचा फरक पडला, तर 100 मीटरवर उंचीत जेमतेम 3 मिलिमीटर फरक येतो. 300 मीटरवर तो 30 च्या घरात जातो. तेव्हा 100 मीटरवर गोळ्या उभ्या रेषेत हातभर पसरल्या तर दोष दारूवर ढकलता येत नाही. याउलट गोळीचं वजन आणि नळीतल्या खाचांचा, गोळीला फिरवणारा पीळ यांची जोडी फार निर्णायक असते. भोवऱ्याला पुरेशी गती मिळाली नाही तर तो डुलतो, तसंच गोळीचं होतं. 1955 मध्ये रेमिंग्टनने .244 काडतूस आणलं तेव्हा नळीला 12 इंचांत एक फेरा असा मंद पीळ दिला. तो हलक्या गोळ्यांना उत्तम होता, पण हरणासाठी लोकांना हवी असलेली 100 ग्रेनची लांब गोळी त्यात भरवशाने स्थिर राहत नसे. त्याच वर्षीच्या विंचेस्टरच्या .243 ला 10 इंचांत एक फेरा होता, आणि बाजार तिकडे गेला. रेमिंग्टनने 1963 मध्ये तेच काडतूस 6 मिमी रेमिंग्टन या नावाने, 9 इंचांच्या पिळासह पुन्हा आणलं. पण गेलेली पत पूर्ण परत मिळाली नाही. कागदावर गोल छिद्रांऐवजी लांबट छिद्रं दिसली तर बेडिंग वगैरे सोडून आधी पीळ आणि गोळीची लांबी तपासावी.

पीळ जुळत असतानाही प्रत्येक नळीची स्वतःची आवड असते, आणि ती बाहेरून ओळखता येत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातले अव्वल नेमबाज एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांच्या वेगवेगळ्या लॉट आपल्या नळीतून झाडून बघतात आणि जमलेली लॉट साठवून ठेवतात. शिकाऱ्याने इतकं करायची गरज नाही. तीन-चार प्रकारची काडतुसं आणून प्रत्येकाच्या दहा गोळ्या झाडल्या तरी पुरतं.

हॅरोल्ड वॉन यांनी शोध याच्याही पुढे नेला. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत एअरोबॅलिस्टिक्स विभाग सांभाळलेल्या या अभियंत्याने .270 विंचेस्टर काडतुसाच्या शिकारी रायफलीवर मोजमापाची उपकरणं लावून एकेक दोष वेगळा काढला आणि 1998 मध्ये ‘रायफल ॲक्युरसी फॅक्ट्स’ हे पुस्तक लिहिलं. नळी आणि यंत्रणा जोडणारे आटेसुद्धा धक्क्याच्या क्षणी सरकतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. असा दोष घरी सापडत नाही. पण तो अस्तित्वात आहे हे माहीत असलं, की बाकी सगळं तपासून झाल्यावर रायफल कुशल गनस्मिथकडे देण्यात संकोच उरत नाही.

आणि माणूस? मानांनी त्याला काँक्रीटच्या खांबाने हटवलं, पण जंगलात तो हटत नाही. .30-06 सारख्या रायफलीचा धक्का खांद्याला चांगलाच जाणवतो. शरीर तो लक्षात ठेवतं आणि चाप ओढण्याच्या ऐन क्षणी डोळे मिटतं, खांदा पुढे ढकलतं. हे स्वतःला कळत नाही. म्हणून सोबत्याने मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत नकली काडतुसं मिसळून द्यावीत. नकली काडतुसावर चाप ओढला की धक्का नसतानाही नळी खाली गचकते, आणि दोष कुठे आहे ते दोघांनाही दिसतं. यात कमीपणा काही नाही. अनुभवी शिकाऱ्यांनाही हे होतं. हलक्या काडतुसांनी आणि रिकाम्या रायफलीवर चाप ओढण्याच्या सरावाने ते जातं. टेबलावर रायफल टेकवतानाही नळी नव्हे, कुंद्याचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर ठेवावा, आणि दर वेळी त्याच जागी. पट्टा अडकवायची कडी पिशवीला आदळत असेल तर गोळ्या उभ्या पसरतात. आडव्या पसरल्या तर वारा आठवावा: तासाला 16 किलोमीटरचा आडवा वारा 100 मीटरवरच साधारण दोन सेंटिमीटर घेऊन जातो.

दुरुस्ती झाली असं वाटल्यावरची तपासणी एका दिवसात उरकता येत नाही. एक कोरा कागद निवडावा. पहाटे, थंड नळीतून, त्यावर एकच गोळी झाडावी, तारीख आणि हवामान लिहून कागद गुंडाळून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तोच कागद, तोच बिंदू, पुन्हा एकच गोळी. पावसाचा दिवस चुकवू नये, उलट तो मुद्दाम घ्यावा. दहा वेगळ्या दिवसांच्या या दहा थंड गोळ्यांचा ग्रूप हाच त्या रायफलीचा खरा अचूकपणा, आणि जनावराच्या दिशेने ती किती अंतरापर्यंत उचलायची हे त्याच मापावरून ठरवायचं.